रत्नव्वानं पेट्या सड्यावर नेल्या

रत्नव्वा रागावली की ओरडत न्हवती. गप बसायची. वाडीतल्या बाकीच्या बायका भांडण झालं की तीन आळ्या ऐकतील असं बोलायच्या आन् सांजच्याला एकमेकीच्या चुलीतला इस्तू मागायला जायच्या. रत्नव्वाचं तसलं न्हाय. तिनं तोंड मिटलं की मिटलं. नागाप्पावर तिनं तोंड मिटलं दोन हजार साली, आन् उघडलं दोन हजार आठला. मधली आठ वर्सं ती गप व्हती म्हंजे इसरली, असं ज्यास्नी वाटलं त्यांची चूक.

नागाप्पा तिचा थोरला दीर. इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं, आन् खोऱ्यातल्या मधवाल्यांच्या सोसायटीत त्यो पंच. पंच म्हंजे काय, तर कुणीबी मधाचा डबा आणला की झाकण ह्यो उघडणार, बोट ह्यो घालणार, आन् चाटून ह्यो सांगणार, मध खरा का खोटा. माणसं वरीसभर रानात मरायची आन् शेवटाला नागाप्पाच्या जिभेकडं बघत उभी ऱ्हायची.

रत्नव्वा आली पार तिकडनं, कागलच्या खालनं, कर्नाटकाच्या हद्दीवरनं. त्र्याण्णव साली प्रभुलिंगची बायको होऊन आमच्या शाहूवाडीच्या डोंगरात आली. तिकडं ऊस, हिकडं भात आन् पाऊस. बोलता बोलता मधीच कानडी यायची तिला. 'हो' म्हणायच्या जागी 'हौदु' म्हणायची, पोरं हसायची. चार वर्सांत प्रभुलिंग काविळीनं गेला. लोकांस्नी वाटलं, आता ही जाणार माघारी म्हायेरला. ती गेली न्हाय. सासऱ्याच्या मागनं रानात गेली.

सासरा आण्णा. त्यो मधमाश्या पाळायचा. लाकडाची पेटी, आत आठ चौकटी, चौकटीला पोळं लोंबालेलं, आन् खाली बोटभर उंचीचं दार, एवढाच त्येचा संसार. थोरला नागाप्पा खुर्चीच्या नादाला लागलेला, धाकटा गेलेला. मग आण्णानं सुनेला शिकवलं. पेटी उघडायची कशी, राणी वळखायची कशी, मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या का ठेवायच्या. पैल्या दिवशी सतरा काटे बसले तिला. तोंड भोपळ्यागत सुजलं. दुसऱ्या दिवशी तसल्याच तोंडानं परत पेटीपुढं बसली. आण्णा म्हणाला, "ही बाई ऱ्हाणार."

आण्णानं तिला सड्याचं सांगिटलं. वाडीपास्नं सहा किलोमीटरवर डोंगर, त्येच्या डोक्यावर सपाट कातळ, त्यो सडा. त्येच्या कडेनं कारवीचं रान. कारवी फुलती आठ वर्सांनी एकदा. सगळं रान एकदम जांभळं-निळं होतंय, आन् परत आठ वर्सं कायबी न्हाय. त्या फुलाचा मध काळाकुट्ट, दाट. तिथं पेट्या चढवणारं आक्ख्या खोऱ्यात आण्णाचं एकच घर, कारण वाट म्हंजे नुसती नाळ, दगड-धोंड्याची. आण्णा नव्व्याण्णवला गेला. दोन हजारला कारवी फुलली तवा रत्नव्वा एकटी पेट्या घेऊन वर गेली आन् दोन डबे काळा मध घेऊन खाली आली.

सोसायटीच्या पत्र्याच्या हॉलमंदी साठ-सत्तर माणूस. नागाप्पानं तिचा डबा उघडला, बोट घातलं, चाटलं. बराच येळ चाटत ऱ्हायला.

"ह्यो मध हाय?" त्यो म्हणाला. "ही काकवी हाय."

काकवी म्हंजे उसाच्या रसाचा काळा पाक, गूळ व्हायच्या आदीचा. कोल्हापूरच्या माणसाला तिचा रंग सांगाय लागत न्हाय.

"भावजी, कारवी हाय ती. तुमास्नी ठावं हाय," रत्नव्वा म्हणाली. "ब्याण्णवला तुम्ही सोता आण्णांसंगट गेलतासा वर."

"मी गेलतो म्हणूनच सांगतो. हिच्या म्हायेरात गुऱ्हाळ हाय, कुणाला ठावं न्हाय काय?"

"तपासायला पाठवा की मग डबा."

"पंचाच्या सहीबिगर डबा हॉलच्या भायेर जात न्हाय. आन् साक्षीला आण्णाला बोलवून आण जा."

आण्णाला जाऊन वरीस झालतं. तरी हॉल हसला. कुणी मोठ्यानं हसलं, कुणी तोंडावर हात धरून हसलं, पर हसलं सगळं. हसून झाल्यावर सोसायटीच्या वहीतनं तिचं नाव काढून टाकलं. नागाप्पाला सड्यावरची जागा पायजे व्हती, आन् विधवा भावजय पेट्या टाकून गेली तर पायजेच व्हती. एवढ्यासाठी त्यानं मेलेल्या बापाचा मध खोटा ठरवला.

तिथनं वाडीत तिचं नाव पडलं, काकवीवाली. बाजारात मधाची बाटली घेऊन बसली की बाया बाटली उचलायच्या, उजेडाला धरायच्या, वास घ्यायच्या आन् परत खाली ठेवायच्या. जांभळीचा मध असू दे न्हाईतर हिरड्याचा. "गुऱ्हाळातनं आणलंस व्हय गं?" म्हणून इचारायच्या वर. रत्नव्वा बाटली पुसायची, परत मांडायची.

आठ वर्सं ती झाडाच्या ढोलीतनं माश्या काढत ऱ्हायली, तुटक्या पेट्यांस्नी फळ्या ठोकत ऱ्हायली. नऊ पेट्या उभ्या केल्या.

दोन हजार आठच्या श्रावणात कृष्णात तिच्या दारात आला. कृष्णात सड्याखालच्या धनगरवाड्यावरचा. म्हशी राखायचा, मधाचं झाड दिसलं की रत्नव्वाला सांगायचा. हॉल हसला त्या दिवशी त्यो तिथं न्हवता, म्हणून तिचा त्येच्यावर विश्वास.

"आक्का, कारवीला कळी धरलीया."

रत्नव्वा तांदूळ निवडालती. सूप खाली ठेवलं. "किती?"

"किती काय, आक्खा डोंगर. म्हशी गेल्या तर दिसंनात आतनं."

"पेट्या चढवायच्या."

"चढवू की. मी आन् माझा भाऊ हाय. पर पुढं काय? मध काळाच निघणार."

"काळाच पायजे. त्याच हॉलमंदी, त्याच टेबलावर नेऊन ठेवतो मी."

"आन् पंच परत काकवी म्हणाला तर?"

रत्नव्वानं सूप उचललं आन् परत तांदूळ निवडाय लागली.  पर जायचं ठरलं ते ठरलं.

पेट्या हलवायच्या म्हंजे आदल्या दिवशी सांज झाली की सगळ्या माश्या आत येऊ द्यायच्या, मग दाराला बारीक जाळी ठोकायची, झाकण सुतळीनं आवळायचं. पहाटं गौसभाईचा दुधाचा टेम्पो धनगरवाड्यावर जायचा. गौसभाई म्हणाला, "बहेन, किटल्यांच्या जागी तुझ्या पेट्या घालतो, पर एक जरी माशी माझ्या मानंला चावली तर टेम्पो दरीत जाईल, सांगून ठेवतो." त्यानं मानंला मफलर गुंडाळला, कानटोपी घातली, आन् सहा किलोमीटर दहाच्या स्पीडनं गेला. खड्डा आला की "या अल्ला, या अल्ला" करत टेम्पो असा उतरवायचा की जणू मागं बाळंतीण बसलीया.

टेम्पो थांबला तिथं नाळ चालू. कृष्णात आन् त्येचा भाऊ, दोघांनी खांद्यावर कावडी घेतल्या, दोन बाजूला दोन पेट्या. रत्नव्वानं चुंबळ करून एक पेटी डोक्यावर घेतली. पाच पेट्या पैल्यांदा, चार दुसऱ्यांदा. पेटी आडवी झाली की आतलं पोळं तुटतंय आन् राणी चेंगरून मरती. म्हणून पाय घसरला तरी डोकं हालवायचं न्हाय. दगडावर शेवाळ, वरनं पाणी झिरपालेलं, एका बाजूला कातळ आन् एका बाजूला खाली झाडांचे शेंडे.

अर्ध्या वाटंत तिच्या पेटीची जाळी एका कोपऱ्यानं सुटली. पैली माशी भायेर आली, तिच्या कानापाशी. मग दुसरी. थांबायला जागा न्हाय, पेटी ठेवायला जागा न्हाय, दोनी हात वर पेटीला धरलेले. काटा बसला कानामागं.

"आक्का, धर मी घेतो," कृष्णात खालनं म्हणाला.

"तू तुझं बघ. कावड हालंल."

दुसरा मानंला. तिसरा पापणीवर. रत्नव्वा चढत ऱ्हायली. मनात म्हणत गेली, ह्यो नागाप्पाच्या नावाचा. ह्यो बी नागाप्पाच्या नावाचा. अकरा काटे बसले. वर कातळावर पेटी ठेवली, पदराची चिंधी फाडून कोपरा बुजवला, तवा कुठं बसली. एक डोळा मिटून गेलता. कृष्णातचा भाऊ बघून म्हणाला, "आक्का, आता तुला नागाप्पा अर्धाच दिसंल."

"अर्धाबी लई झाला," ती म्हणाली.

आन् समोर कारवी. जिथवर नजर जाईल तिथवर. तिनं तिकडं बघितलंबी न्हाय नीट, आदी पेट्यांच्या पायाखाली वाट्या मांडल्या, पाणी भरलं, मग दारं उघडली. माश्या भायेर आल्या, पेटीपुढं गोल गोल फिरल्या, जागा बघून घेतली आन् रानात घुसल्या.

तिनं तिथंच खोप बांधली. दोन दिवसांनी कृष्णात दूध घेऊन वर आला.

"पंच आलाय."

"कुठं?"

"खाली नाळंच्या तोंडाला. जीपमधनं पंचवीस पेट्या आणल्यात. हमाल मिळंनात त्येला, पाऊस हाय न्हवं. मग त्यानं तिथंच दगडावर पेट्या मांडल्या आन् दारं उघडली. म्हणतोय, पाऊस उघडला की वर चढवतो. तुझ्या शेजारीच मांडणार हाय, असं म्हणाला. बापाची जागा हाय म्हणाला."

रत्नव्वाच्या हातात लाकूड व्हतं. ते तिनं चुलीत सारलं आन् हसली. आठ वर्सांत कृष्णातनं तिला असं हसताना बघितलं न्हवतं.

"दारं उघडली?"

"व्हय की. बंद ठेवून मरतील म्हणाला."

"कृष्णात, माशीला तिची पेटी वळखू येत न्हाय. जागा वळखू येती. पेटी हालवायची तर दिवसाला हातभर हालवायची, न्हाईतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब न्यायची, म्हंजे ती नवी जागा शिकती. नाळंच्या तोंडापास्नं हितं हवेतनं किती हाय?"

"अर्धा किलोमीटरबी न्हाय."

"मग बघ गंमत."

नागाप्पानं आजवर पेट्या हालवल्या त्या जीपनं, वीस-वीस मैल. चालत, जवळच्या जवळ हालवायचं काम कायम आण्णाचं आन् प्रभुलिंगचं. खुर्चीवर बसून दुसऱ्याचा मध चाटणाऱ्याला हे कुठनं ठावं असणार? रत्नव्वाला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम. तिनं सांगिटलं न्हाय.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. हमाल मिळाले. नागाप्पा पंचवीस पेट्या घेऊन हापत हापत वर आला, तिच्या पेट्यांपास्नं दोनशे पावलांवर मांडल्या. तिच्याकडं बघितलं, खाकरला. ती गप. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दारं उघडली. माश्या सुटल्या, आन् सरळ खाली गेल्या. दुपारपतोर त्येच्या पेट्यांच्या दारात माशी दिसंना, नुसत्या कवळ्या माश्या आत, ज्यांनी अजून भायेरचं जग बघितलं न्हवतं. नागाप्पा एक पेटी उघडायचा, दुसरी उघडायचा, डोक्याला हात लावायचा.

रत्नव्वा कड्याच्या टोकाला येऊन बसली. खाली, नाळंच्या तोंडाला, जिथं तीन दिवस पेट्या व्हत्या तिथं मोकळ्या दगडांवर काळा ढग फिरालता. माश्या घर हुडकालत्या. सांज व्हायला लागली तशा दगडाला गोळा होऊन चिकटल्या, गड्ड्यागत. ती बघत बसली. तिला बरं वाटालतं. खोटं कशाला बोलायचं? पोटात गार पाणी गेल्यागत वाटालतं.

"पाऊस आला तर सकाळपतोर सगळ्या मरतील," कृष्णात म्हणाला.

"मरू देत."

"माश्यांचं काय चुकलं पर?"

"माझं काय चुकलतं?"

कृष्णातनं खालच्या ढगाकडं बघितलं. मग आपलं साधं बोलून गेला, "बरं झालं म्हणा. आता पंचाला ह्या साली कारवीचा थेंब मिळत न्हाय. सोसायटीत काळा डबा फकस्त तुझाच."

रत्नव्वा बसल्या जागची उठली.

फकस्त तुझाच. तेच तर झालतं दोन हजारला. काळा डबा फकस्त तिचाच व्हता, म्हणून काकवी म्हणायला नागाप्पाला जमलं. ह्याबी साली एकटाच डबा टेबलावर गेला तर काय होणार? तेच. बोट घालणार, चाटणार, काकवी म्हणणार. आन् त्येच्या डब्यात बी तसलाच काळा मध असला तर? सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्येच्या सोताच्या नावाच्या डब्यात?

"कृष्णात, चल. त्येच्या माश्या जगल्या पायजेत."

"आत्ता तर मरू देत म्हणालतीस!"

"आता न्हाय म्हणतो. चल."

ती तडक नागाप्पाच्या पेट्यांकडं गेली. नागाप्पा एका दगडावर बसलेला, सदऱ्याची इस्त्री गेलेली, खिशातलं एक पेन कुठंतर पडलेलं.

"भावजी," ती म्हणाली.

नागाप्पानं वर बघितलं. आठ वर्सांत पैला शब्द. "तोंड उघडलंस व्हय आज?"

"तुमच्या माश्या खाली दगडावर बसल्यात. अंधार पडायच्या आत भरून आणाय पायजेत. दोन मोकळ्या पेट्या घ्या."

"तुला काय पडलंय? तूच काय तर केलंस न्हवं?"

"मी काय बी केलं न्हाय. तुम्ही खाली तीन दिस दारं उघडलासा. माश्या ती जागा शिकल्या. पेटी वर आणलासा, जागा खालीच ऱ्हायली."

नागाप्पाचं तोंड उतरलं. आत कुठं तर बापाचं सांगणं आठवलं असंल. "तुला ठावं व्हतं तर आदी का सांगिटलं न्हाईस?"

"तुम्ही इचारलासा न्हाय."

"मग आता का सांगालईस?"

"तुमच्या पेट्या भराव्यात म्हणून."

ह्यात खोटं एक अक्षर न्हवतं. नागाप्पा तिच्याकडं बघत ऱ्हायला, पर दुसरा इलाज कुठं व्हता त्येला? तिघं खाली उतरली. रत्नव्वानं उघड्या हातानं माश्यांचे गड्डे वंजळीत घेऊन पेटीत सोडले, हळू, पीठ चाळल्यागत. नागाप्पा जाळीचा टोप घालून लांबनं पेटी धरून उभा. दोन पेट्या गच्च भरून दिवसाचा उजेड हाय तवर वर आणल्या, वाटून त्येच्या पेट्यांत सोडल्या. मग तिनं त्येच्या सगळ्या पेट्यांच्या दारांस्नी जाळी लावली.

"तीन दिस उघडू नगासा. चौथ्या दिवशी उघडा आन् दारापुढं कारवीच्या फांद्या आडव्या लावा, दाट. भायेर येताना फांदी आडवी आली की माशी थांबती, गोंधळती, परत नव्यानं जागा बघून घेती. आण्णा असंच करायचे."

"आण्णानं मला कधी सांगिटलं न्हाय."

"सांगिटलं असंल. तुम्ही ऐकलं नसंल."

पंचविसातल्या एकोणीस वाचल्या. पुढचा महिनाभर दोघं त्याच सड्यावर, दोनशे पावलांवर. रत्नव्वा रोज सकाळी आपल्या पेट्या बघायची आन् मग चालत त्येच्या पेट्या बघायला जायची. नागाप्पाला वाटाय लागलं, बाई निवळली. एकदा चहासुदीक दिला तिला. तिनं कप घेतला, बाजूच्या दगडावर ठेवला, गार होऊ दिला आन् सांडून टाकला, त्येच्यासमोरच. त्यो म्हणाला, "साखर जास्त पडली काय?" ती म्हणाली, "व्हय."

मध काढायच्या दिवशी नागाप्पाचं यंत्र फिरलं आन् खाली डब्यात धार पडाय लागली तशी ती वाकून बघाय गेली. धार काळी व्हती. बोटाएवढी जाड. तिनं मान हालवली आन् आपल्या खोपीकडं आली. कृष्णातला म्हणाली, "झालं."

"आन् त्यानं डबे भायेर कुणा व्यापाऱ्याला घातले तर?"

"घालणार न्हाय. कारवीचा मध आणलाय ह्ये मिरवल्याबिगर त्येला झोप लागंल व्हय?"

तरी दिवाळी झाल्यावर सोसायटीत मध घ्यायचा दिवस आला, तवा ती सकाळपास्नं हॉलच्या मागल्या भिंतीला एक डबा घेऊन उभी ऱ्हायली आन् तिचा जीव दाराकडं. दहा वाजले, अकरा वाजले. बाकीच्यांचे डबे आले, उघडले, चाटून झाले. पंचाच्या खुर्चीवर नागाप्पा, पर त्येचा डबा कुठं दिसंना. रत्नव्वानं डबा ह्या काखंतनं त्या काखंत घेतला. बाराला त्येची जीप आली. गड्यानं सहा डबे आणून टेबलावर ठेवले.

सोसायटीचा एक नेम व्हता, पंचाचा मध पंचानं चाखायचा न्हाय. सेक्रेटरीनं चाखायचा. सेक्रेटरी नवीन, विद्याश्री मॅडम, कोल्हापुरात शिकून आलेली पोरगी, सहा महिनेच झालते तिला. तिनं झाकण उघडलं, चमचा घातला, वर धरला.

"काका, हे काय? मध आहे ना हा? काकवीसारखं दिसतंय."

नागाप्पा मोठ्यानं हसला. "मॅडम, तुम्ही शेरातल्या. कारवीचा मध हाय ह्यो! आठ वर्सांनी एकदा. असाच काळा असतो, असाच दाट. तोंडात घाला, जरा कडवट लागंल मागनं. माझा बाप आणायचा सड्यावरनं, मी आणतो. खोऱ्यात दुसऱ्याला जमत न्हाय ते. काकवी म्हणालासा तर लोक हसतील तुमास्नी."

रत्नव्वानं त्येला सगळं बोलू दिलं. एकबी शब्द ऱ्हायला न्हाय बघून मग ती पुढं आली. माणसं आपोआप बाजूला झाली. तिनं आपला डबा नागाप्पाच्या डब्याला चिकटून ठेवला, झाकण काढलं. दोनी डब्यांत एकच काळा.

"भावजी, ह्यातली कारवी कुठली आन् काकवी कुठली, तेवढं सांगा."

 नागाप्पानं दोनी डब्यांकडं बघितलं. त्येचा कान लाल झाला.

"रत्नव्वा, हितं नगं. घरात बोलू."

"घरात म्हणालतासा व्हय तवा? हितंच म्हणालतासा. बोट घाला. चाटा. पंच हाईसा तुम्ही."

"ही बी कारवीच हाय," त्यो म्हणाला.

"मागं ऐकू गेलं न्हाय."

"कारवी हाय म्हणालो!"

"आन् दोन हजार साली माझ्या डब्यात काय व्हतं?"

नागाप्पानं मॅडमकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. कुणी मदतीला येईना. हॉलमंदी निम्मी माणसं तीच व्हती, हसलेली. ती आता आपल्या पायाकडं बघालती.

"तवाबी... कारवीच. चूक झाली माझी."

"चूक न्हवं," रत्नव्वा म्हणाली. तिचा आवाज चढला न्हवता. "कळलं न्हाय म्हणून बोललं तर ती चूक. तुमास्नी पैल्या बोटाला कळलतं. तरी म्हणालासा. आण्णाच्या मधाला काकवी म्हणालासा. तसं बोला."

 कुणीतर खोकलं.

"मला ठावं व्हतं," नागाप्पा म्हणाला. "ठावं असून म्हणालो."

"मॅडम, लिवून घ्या," रत्नव्वा म्हणाली. विद्याश्री मॅडमला कायबी ठावं न्हवतं, तरी तिनं वही उघडली आन् लिवलं. मग ती म्हणाली, "ताई, तुमचं नाव सभासदात परत घालूया का? अर्ज द्या, मी आजच..."

"बेड," रत्नव्वा म्हणाली. कानडीत नगं. "तुमच्यावर राग न्हाय माझा, पोरी. पर ह्या हॉलला मी मध घालत न्हाय."

तिनं टेबलावरचा चमचा उचलला, डबा काखंत धरला आन् पैल्या रांगंपास्नं सुरवात केली. "हात पुढं करा." ज्येच्यापुढं उभी ऱ्हायली त्यानं तळहात पुढं केला. प्रत्येकाला एक चमचा. कुणाला सोडलं न्हाय, जे हसलते त्यास्नी बी आन् जे न्हवते त्यास्नी बी. माणसं चाटत व्हती आन् तिच्या तोंडाकडं बघायचं टाळत व्हती. एक म्हातारा म्हणाला, "वैनी, गोड हाय गं," ती म्हणाली, "ठावं हाय."

शेवटाला नागाप्पा.

"हात पुढं करा, भावजी."

"ऱ्हाऊ दे आता. झालं न्हवं तुझं समाधान?"

"न्हाय झालं. हात."

नागाप्पानं हात पुढं केला. तिनं चमचा खाली ठेवला, डबाच वाकवला आन् वतला. तळहात भरला, बोटांच्या फटीतनं खाली आला, मनगटावरनं इस्त्रीच्या बाहीत शिरला, कोपरापास्नं टपटप गळाय लागला. ती वतायची थांबली न्हाय. नागाप्पानं तोंड खाली नेलं आन् चाटाय लागला. आक्खा हॉल बघालता.